उंबरठ्याची उंची : भौतिकोपचाराच्या अध्यापकांस अनावृत पत्र

महाराष्ट्रातील भौतिकोपचार महाविद्यालयांचे प्राचार्य, अध्यापक आणि या व्यवसायातील सर्व बंधुभगिनी यांसी,



हे पत्र मी कामरगावाहून लिहीत आहे. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातले हे गाव सोयाबीन, तूर आणि कपाशी यांवर गुजराण करते, आणि घरात अवघड दुखणे आले की अमरावती, अकोला वा नागपूर यांपैकी कोणत्या वाटेची गाडी आधी मिळते ते पाहते. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, घराच्या छपराची टिने तपासत असता मी खाली आलो. पाठीचा कणा छातीच्या दहाव्या मणक्यापाशी मोडला, आतला मज्जारज्जू चिरडला गेला, आणि तेव्हापासून बेंबीच्या खाली मला ना स्पर्श कळतो, ना काही हलवता येते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो म्हणून १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाच्या ४७ व्या कलमाने माझी नोकरी राखली (त्या कलमाचे काम आता २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचे २० वे कलम करते), आणि चाकाच्या खुर्चीवर बसून मी निवृत्तीपर्यंत शिकवले. झाडावरून, छपरावरून, बिनकठड्याच्या विहिरीत पडून माझ्यासारखे झालेले शेतमजूर, सालदार आणि बकऱ्यांसाठी पाला तोडायला चढलेली पोरे आपल्या राज्यात गावोगाव आहेत, आणि त्यांना राखणारे असे कोणतेही कलम नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांना पत्र लिहिणे जमणार नाही. म्हणून ते मी लिहितो.

पत्र आपणांसच का, हे प्रथम सांगितले पाहिजे. शल्यचिकित्सकांनी आपले काम चोख केले. सळया आणि स्क्रू घालून मणके सांधले, टाके काढले, आणि त्यांचा माझा संबंध तेथे संपला, तो संपणे रास्तही होते. परंतु त्यानंतर दिवसामागून दिवस जो मनुष्य माझ्या उशाशी येऊन उभा राहिला, ज्याने माझे निर्जीव पाय हातांत घेऊन घोट्यापासून खुब्यापर्यंत प्रत्येक सांधा फिरवला, दीर्घकाळ आडव्या राहिलेल्या देहाला तिरप्या फळीवर हळूहळू उभे करताना डोळ्यांपुढे अंधारी आली की फळी खाली घेतली, तो मनुष्य आपल्या व्यवसायाचा होता. रुग्ण आपल्याशी जितके बोलतो तितके कोणाशीच बोलत नाही. त्यामुळे जे आम्हांला कोणीतरी सांगायला हवे होते आणि कोणीच सांगितले नाही, त्याची जबाबदारी, अन्याय वाटला तरी, मी आपल्या दारी आणून ठेवतो.

माझी पहिली तक्रार आशेविषयी आहे. “व्यायाम करीत राहा, पाय येतील” हे वाक्य मी इतक्या खाटांशेजारी ऐकले आहे की ते कोणा एकाचे म्हणवत नाही. इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे ठरवण्याची आंतरराष्ट्रीय परीक्षा आपणांस पाठ असते. गुदद्वारापाशी किंचित स्पर्श वा आकुंचन शिल्लक आहे का, यावर पुढच्या आयुष्याचा केवढा भाग अवलंबून आहे, तेही आपण जाणता. ज्याची इजा अपूर्ण आहे त्याला पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ परत मिळू शकते, आणि त्याने तर अंगात असेल नसेल ते बळ व्यायामात ओतावे. ज्याची इजा पूर्ण आहे आणि वर्ष उलटूनही पायात काही आलेले नाही, त्याला पाय येण्याची वाट पाहायला लावणे ही दया नव्हे. आशा जिवंत ठेवावी असे आपणांस वाटते, हा हेतू मला समजतो. तथापि त्या आशेपायी घरचे लोक वावर विकतात. कोणी मांत्रिकाकडे नेतो, कोणी जाहिरात वाचून मूळपेशींच्या सुया टोचून घ्यायला मोठ्या शहरी नेतो. रक्ताच्या काही विकारांखेरीज मूळपेशींचा कोणताही वापर प्रस्थापित उपचार म्हणून मान्य नाही आणि तो केवळ संशोधनाच्या चौकटीतच व्हावा, असे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलेले असताना नेतो. हे वाक्य मराठीत, रुग्णाच्या बायकोच्या समोर, एकदा तरी आपल्या तोंडून उच्चारले गेले असते, तर कित्येक सातबाऱ्यांवरची नावे बदलली नसती. वाईट बातमी सांगण्याचा अधिकार डॉक्टरांचा, आमचा नव्हे, असे एका तरुण फिजिओने मला सांगितले होते. अधिकार कोणाचा हा वाद आपण आपसांत मिटवावा, पण बातमी द्यावी.

दुसरी तक्रार क्रमाविषयी, आणि हीच मला सर्वांत मोठी वाटते. आपल्या दालनात आम्ही शिरलो की आपले लक्ष पायांकडे जाते. कॅलिपर बांधून दोन दांड्यांमध्ये उभे करणे, चार पावले ओढत नेणे, त्याचे छायाचित्र घेणे, हे सगळे उत्साहाचे असते आणि रुग्णालाही ते हवेच असते. उभे राहिल्याने हाडांना, पोटाला, मनाला लाभ होतो, हेही मी अनुभवाने म्हणतो. परंतु आमच्यासारखा मनुष्य पाय नाहीत म्हणून मरत नाही. तो मरतो कातडीच्या जखमेने आणि लघवीच्या जंतूंनी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जू तुटलेले बहुसंख्य सैनिक याच दोन कारणांनी थोडक्या अवधीत जात असत, आणि १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी जे परिवर्तन घडवले त्याचा पाया रुग्णाला अहोरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवणे आणि मूत्राशयाची काटेकोर निगा राखणे हा होता. ज्या खेळांतून पुढे पॅरालिम्पिक उभे राहिले ते खेळ नंतर, १९४८ साली आले. आधी कातडी आणि मूत्राशय, मग चेंडू आणि धनुष्य, असा तो क्रम होता. आपल्या अभ्यासक्रमात गुटमन यांचे नाव असते; हा क्रम मात्र वॉर्डात उतरत नाही.

कातडी राखणे म्हणजे काय, ते थोडे विस्ताराने लिहितो, कारण घरी पाठवताना या बाबतीत मला केवळ “पाठीला जपा” एवढेच सांगितले होते. रोज सकाळी अंघोळीआधी मी कुशीवर होतो आणि हातआरसा धरून माकडहाड, बैठकीची दोन्ही हाडे, खुबे, घोटे आणि टाचा एकेक करून पाहतो. जेथे मला दिसत नाही तेथे पत्नी पाहते. डाग दिसला तर तो बोटाने दाबायचा. दाबल्यावर फिकट झाला तर चिंता नाही, पण रंग तसाच राहिला तर आतले मांस मरू लागले आहे असे धरून तो डाग जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यायचा नाही, पालथे पडून राहायचे. आपल्या पुस्तकांतली चित्रे गोऱ्या कातडीची असतात आणि त्यांत तांबडा डाग ठळक उठतो. उन्हातान्हात राबलेल्या वऱ्हाडी कातडीवर तो दिसत नाही. तेथे हाताची पालथी बाजू लावून ऊब जाणवते का, मांस कठीण लागते का, हे पाहावे लागते. ही गोष्ट मला कोणी शिकवली नाही. माझ्या माकडहाडाशी पडलेल्या आणि भरून यायला दोन पावसाळे घेतलेल्या खड्ड्याने ती शिकवली. खुर्चीत बसल्यावर दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर भार घेऊन बूड उचलायचे, हेही तेव्हाच कळले. वैशाखात ओट्याच्या तापलेल्या फरशीवर मांडी टेकली, किंवा चहाचा ऊन पेला मांडीवर धरला, तर कातडी भाजते आणि भाजल्याचे मनुष्याला कळत नाही, हे रवानगीच्या वेळी दोन वाक्यांत सांगता येण्यासारखे आहे.

मूत्राशयाचेही तसेच. कायमची नळी आणि पिशवी लावून रुग्णाला घरी धाडणे सोपे पडते, म्हणून सरसकट तसेच धाडले जाते. ज्याचे हात शाबूत आहेत अशा मनुष्याने दर चार ते सहा तासांनी स्वतः स्वच्छ नळी घालून मूत्राशय रिकामे करावे, त्यासाठी शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकतेची गरज नाही, साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे, हे अमेरिकेतील जॅक लॅपिडीस या मूत्रविकारतज्ज्ञांनी १९७२ सालीच मांडले. अर्धशतक उलटले, तरी खेड्यात परतणाऱ्या रुग्णाला या पर्यायाचे नावही ठाऊक नसते. हे आमचे क्षेत्र नव्हे, असे आपण म्हणाल. पण पिशवी फुगली, ताप चढला, थंडी वाजून आली, की महिनाभराचा व्यायाम बुडतो. मग ते आपले क्षेत्र कसे नाही? शिवाय खुर्चीत तोल सांभाळून बसणे, एका हाताने पँट खाली सरकवणे, मांड्या दूर करून तशा ठेवणे, ही सारी कसरत आपल्याच शास्त्रातली आहे.

याच संदर्भात पंचक्रोशीतल्या एका तरुणाची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. मानेचा मणका मोडल्याने त्याचे चारही अवयव गेलेले. एका दुपारी त्याचे डोके फुटेल असे दुखू लागले, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम डवरला, आणि घरच्यांनी त्याला आडवे निजवून डोकेदुखीची गोळी दिली. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या मनुष्याला मूत्राशय तुंबले तरी रक्तदाब एकाएकी भडकतो, आणि अशा वेळी त्याला आडवे न करता बसते करायचे, कपडे सैल करायचे व नळीला पीळ पडला आहे का ते पाहायचे असते, हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते. योगायोगाने कोणीतरी चादर काढली आणि मांडीखाली दबलेली नळी सुटली, म्हणून तो वाचला. त्याच मुलाला उन्हाळ्यात आणखी एक संकट असते. इजेच्या खाली घाम येत नाही म्हणून त्याचे शरीर तापते ते निवत नाही, आणि आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ओले फडके, कूलरपुढची खाट, दुपारी बाहेर न काढणे, इतकेच उपाय आहेत. परंतु ते उपाय आहेत हे आधी कळावे लागते. त्याच्या घरी व्यायामाचा कागद मात्र होता. तो इंग्रजीत होता, आणि त्यावर लोखंडी पलंगावर निजलेल्या मनुष्याची आठ-दहा रेखाचित्रे होती.

आता घराविषयी. ज्या दालनात आपण शिकवता तेथे जमीन गुळगुळीत असते, दारे रुंद असतात, पलंगाची उंची खुर्चीइतकी असते. आम्ही परततो त्या घरात ओटा असतो, उंबरठा असतो, मध्ये खोलगट झालेली सुतळीची बाज असते, न्हाणी मागच्या अंगणात आणि संडास त्याच्याही पलीकडे दोन पायऱ्या चढून. माझ्या संपूर्ण उपचारकाळात एकाच व्यक्तीने मला घराविषयी विचारले. आंतरवासितेसाठी आलेली ती विद्यार्थिनी होती, आणि तिने वही काढून विचारले, “काका, तुमच्या घरचा उंबरठा किती उंच आहे? दाराची रुंदी मोजून आणायला सांगता का कुणाला?” माझ्या धाकट्या भावाने मापे कळवली. खुर्ची दारातून जाणार नाही, हे तिने कागदावर काढून दाखवले, आणि चौकट बदलण्याऐवजी दार बिजागरीतून काढून तेथे पडदा लावावा, म्हणजे नेमकी दोन बोटे जागा मिळेल, असेही सुचवले. ती दोन बोटे मला आजतागायत पुरली आहेत.

तिनेच उतारासाठी एकास बारा हे प्रमाण सांगितले होते, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. माझा ओटा दीड फूट उंच. उतार अठरा फुटांचा व्हायला हवा, आणि दारापुढे रस्ता तेवढा रुंद नाही. गवंड्याने चार फुटांत उतार करून दिला असता, आणि गावोगाव शाळांपुढे व कचेऱ्यांपुढे तसे उतार केलेले दिसतातही, ज्यांवरून खुर्ची चढवणे दोन धडधाकट माणसांनाही कठीण जाते. आम्ही तो मागच्या अंगणातून, भिंतीला धरून, मध्ये एक वळण देऊन काढला. बाजेला रजा देऊन सुताराकडून फळ्यांचा पलंग करवला, त्याचे पाय विटांवर चढवून गादी खुर्चीच्या बैठकीशी समतल आणली, आणि सागवानी फळीचा एक तुकडा घासून गुळगुळीत करून घेतला. फळीचे एक टोक मांडीखाली, दुसरे खुर्चीवर, हातांवर भार घेऊन बूड उचलत उचलत पलीकडे जायचे. घसरत जायचे नाही, उचलत जायचे, कारण घसरल्याने कातडी सोलते. मला दोन दांड्यांमध्ये उभे करण्यात जितके दिवस गेले त्यांतला एक आठवडा जरी या फळीवर खर्च झाला असता, तर घरी आल्यावर पहिले कित्येक महिने मला दोघांनी बखोटे धरून उचलावे लागले नसते. संडासासाठी मध्ये भोक पाडलेल्या, हात असलेल्या खुर्चीची तजवीज आम्ही पुढे केली. त्याआधी माझ्या पत्नीने काय काय काढले, ते येथे लिहीत नाही.

पण तिच्याविषयी लिहिलेच पाहिजे. ज्या घरात असा मनुष्य आहे तेथे दुसरा रुग्ण तयार होत असतो, आणि तो म्हणजे त्याला उचलणारी बाई. वाकून, कमरेतून, साठ-सत्तर किलोचा देह दिवसातून अनेकदा ओढल्याने तिचीही पाठ जाते. गुडघ्यांतून कसे वाकावे, रुग्णाला आपल्या अंगाशी कसा घ्यावा, चादरीच्या साहाय्याने एकटीने कुशीवर कसा वळवावा, हे आपले नित्याचे ज्ञान आहे. ते तिला आपण स्वतः तिच्या हातांनी करवून घेऊन द्या. “घरी मालिश करा” एवढे सांगून तिची बोळवण होते आणि ती बिचारी तेल घेऊन तासन् तास निर्जीव पाय चोळत बसते, तर घोट्याचा सांधा आखडून पाऊल खाली लोंबू लागते आणि पुढे पायटेकूवर टेकतच नाही. तिला मालिश नको, सांधे फिरवणे शिकवा; कोणता किती फिरवायचा आणि झटके आले की ओढाताण न करता थांबायचे, एवढे शिकवा. दांपत्यजीवनाबद्दल तिला किंवा मला कोणीही, कधीही, एक अक्षर विचारले नाही. तरुण जोडप्यांना तरी विचारीत जा.

खुर्चीसंबंधी तक्रार आपल्या एकट्याविरुद्ध नाही, पण आपण बोललात तर ऐकले जाईल. सरकारी योजनांतून शिबिरे भरतात, आणि साधने मिळतात याबद्दल कृतज्ञता आहेच. परंतु खुर्च्या एकाच मापाच्या येतात. बारीक मनुष्य त्यांत एका बाजूला कलंडून बसतो आणि वर्षभरात त्याची पाठ वाकते. खुर्ची मिळते, पण तिच्यावरची दाब वाटून देणारी गादी मिळत नाही, आणि ताणलेल्या रेक्झिनवर दिवसभर बसणे म्हणजे जखमेला आमंत्रण देणे होय. भर पावसाळ्यात पांदण रस्त्याच्या काळ्या मातीत तिची पुढची छोटी चाके अशी रुततात की वावर दहा पावलांवर असूनही दिसत राहते आणि जाता येत नाही. वाटपाच्या मांडवात प्रत्येक खुर्चीमागे आपल्यापैकी एकाने उभे राहून बैठकीची रुंदी, पाठीची उंची आणि पायटेकू जुळवावे, आणि गादीवाचून खुर्चीच्या पावतीवर सही करू नये, अशी माझी विनंती आहे.

दाखल्यांचेही थोडक्यात लिहितो. अपंगत्वाचा दाखला, वैश्विक ओळखपत्र, तहसिलीतला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, वर्षाला हयातीचा दाखला, ग्रामपंचायतीच्या पाच टक्के निधीतून काही मिळते का याची चौकशी, या सगळ्या कामांसाठी ज्याला बसता येत नाही त्यालाच गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. राज्याने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते डिसेंबर २०२२ मध्ये काढले आणि दिव्यांगांचे निराधार अनुदान २०२५ मध्ये दरमहा १५०० वरून २५०० रुपये केले, ही पावले चांगलीच आहेत. आपल्याकडून एवढेच हवे की रवानगीच्या कागदावर “व्यायाम सुचवला” या शेऱ्याऐवजी रुग्णाला काय करता येते, काय येत नाही, कोणते साधन कोणत्या मापाचे लागेल, हे सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावे. कारकुनापुढे असा कागद ठेवला की हेलपाटे वाचतात.

आणखी एक मागणी, जिला पैसा लागत नाही, ती जुन्या रुग्णाची नव्याशी गाठ घालून देण्याची. नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात कमरेखालचे बळ गमवावे लागले, आणि त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. पुढे १९८४ साली त्यांनी कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था काढली आणि शेकडो अपंग मुलामुलींना उभे केले, हे ‘चाकाची खुर्ची’ वाचलेल्या मराठी वाचकाला सांगायला नको. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले सांगली जिल्ह्याचे मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला पन्नास मीटर पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आले. खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात १९७४ पासून जायबंदी जवान एकत्र राहतात, आणि जुना नव्याला दाखवतो. मुंबईत निना फाउंडेशनने २००१ पासून मज्जारज्जूच्या रुग्णांना एकमेकांशी जोडण्याचे काम चालवले आहे. जवानाला खडकी आहे, मुंबईकराला हाजीअलीची पुनर्वसन संस्था आहे. कारंजा तालुक्यातल्या सालदाराला कोण आहे? वॉर्डात नवा रुग्ण आला की त्याच जिल्ह्यातला, पाच-दहा वर्षे खुर्चीवर काढलेला एखादा मनुष्य बोलावून त्याच्या शेजारी तासभर बसवावा. जे आपणांस चार वर्षांत शिकवता येत नाही ते तो सांगेल: बसमध्ये कसे चढवून घ्यायचे, लग्नाच्या पंगतीत पिशवीचे काय करायचे, लोक कीव करू लागले की काय बोलायचे. आम्ही यायला तयार आहोत.

आपल्या विद्यापीठापुढे, म्हणजे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठापुढे, आपण एक ठराव न्यावा असे मला मनापासून वाटते. आंतरवासितेच्या काळात प्रत्येक विद्यार्थ्याने मज्जारज्जूच्या किमान एका रुग्णाच्या घरी, तो खेड्यात राहत असेल तर त्या खेड्यात, जावे. मापे घ्यावीत, न्हाणी पाहावी, घरातल्या बाईशी बोलावे, गावच्या आशाताईला आरशाने कातडी तपासायला शिकवावे आणि त्याचा अहवाल परीक्षेत धरला जावा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात भौतिकोपचाराचे शिक्षण मिळते, वर्ध्याला सावंगीत मिळते. तेथून आमच्याकडे यायला एक दिवस पुरतो. आता वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले आहे, त्याचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. तेथील अधिष्ठात्यांना आपण लिहावे, की पहिल्या तुकड्या बाहेर पडण्याआधी जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत भौतिकोपचारतज्ज्ञाचा आठवड्यातून एक ठरलेला वार असावा. रोज नको, एक वार पुरे, पण तो चुकू नये.

आणि मराठीत एक पुस्तिका काढा. तीत लोखंडी पलंगाऐवजी बाज असावी, उंबरठा असावा, सावळी कातडी असावी. कातडी, लघवी, शौच, उष्मा, मग सांधे, मग पाय, असा क्रम असावा. आणि अक्षर इतके मोठे असावे की चष्मा नसलेल्या सासूलाही वाचता यावे. मजकूर तपासून द्यायला मी आणि माझी पत्नी, दोघेही, मोबदल्यावाचून तयार आहोत. आपल्या विद्यार्थ्यांना कामरगावला पाठवायचे झाले तर पावसाळा टाळून, दिवाळीनंतर पाठवावे. सकाळी लवकर आले तर आरशाची तपासणी, फळीवरून खुर्चीत उतरणे आणि मागच्या अंगणातला उतार, सगळे त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. जेवण आमच्याकडे. मोजपट्टी तेवढी त्यांनी बरोबर आणावी.



आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक
कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशीम